मानवी उत्क्रांतीचा कालपट

मानवी उत्क्रांतीचा कालपट म्हणजे मानव आणि त्याच्या नामशेष झालेल्या आप्तप्रजाती कोणत्या काळात अस्तित्वात होत्या, हे कालरेषेवर दाखवणारी आकृती होय. अशा पटात सामान्यतः प्रत्येक प्रजातीसाठी एक पट्टी काढतात. पट्टीची लांबी म्हणजे त्या प्रजातीच्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत अलीकडच्या ज्ञात जीवाश्मांमधील कालावधी.

पार्श्वभूमी

उत्क्रांतीचे सर्वपरिचित चित्र मात्र कालपट नव्हे. वाकलेल्या कपीपासून ताठ चालणाऱ्या माणसापर्यंतची ती रांग रूडॉल्फ झालिंगर यांनी १९६५ साली 'अर्ली मॅन' या पुस्तकाच्या घडीच्या पानांसाठी रंगवली. तीत १५ आकृत्या होत्या. त्यांतील ओरिओपिथेकस ही बहुधा बाजूची शाखा असावी, असे सोबतच्या मजकुरात म्हटले होते. पण चित्र मजकुरावाचूनच जगभर पोहोचले. पुराजीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी 'वंडरफुल लाइफ' (१९८९) या ग्रंथात या रांगेवर कठोर टीका केली. त्यांच्याच काही पुस्तकांच्या परदेशी आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांवर ही रांग छापली गेली होती, हा त्यातला विरोधाभास.

'माणूस माकडापासून झाला, तर माकडे अजून का आहेत?' या नेहमीच्या प्रश्नाला अशी रांग खतपाणी घालते. माणूस आणि चिंपँझी यांचा पूर्वज समाईक होता. चिंपँझी हा माणसाचा पूर्वज नव्हे. पटात चिंपँझीची शाखा दाखवायची असल्यास तीही वर्तमानकाळापर्यंत आणावी लागते.

पट्ट्यांची मांडणी

रांगेत एक आकृती संपल्यावर दुसरी सुरू होते. पट्ट्या मात्र एकमेकींना समांतर धावू शकतात आणि वस्तुस्थितीही तशीच आहे. केनियातील तुर्काना सरोवराजवळ सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या चिखलात दोन वेगळ्या चालींची पावले एकाच पृष्ठभागावर उमटलेली आढळली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ती होमो इरेक्टस आणि पॅरान्थ्रोपस बॉइसी यांची मानली आहेत. निअँडरथल मानव सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीपर्यंत होता. आफ्रिकेबाहेरील आजच्या लोकांच्या जनुकसंचात त्याचा अल्प वाटा आढळतो. म्हणून वंशसंबंध पट्ट्यांच्या क्रमावरून सुचवू नयेत. ते स्वतंत्र तुटक रेषांनी, आणि पुरावा असेल तेथेच, दाखवणे योग्य.

प्रमाण

७० सेंटिमीटर रुंदीच्या कागदावर ७० लाख वर्षे बसवली, तर १ सेंटिमीटर म्हणजे १ लाख वर्षे होतात. डाव्या कडेला चाड देशात सापडलेला सहेलान्थ्रोपस येतो. इथिओपियातील 'ल्युसी' (सुमारे ३२ लाख वर्षे) उजव्या कडेपासून ३२ सेंटिमीटरवर पडते. होमो सेपियन्सच्या वाट्याला शेवटचे ३ सेंटिमीटर येतात, तर शेतीचा सुमारे १२ हजार वर्षांचा काळ जेमतेम १.२ मिलिमीटर भरतो. अलीकडच्या घटनांची गर्दी सामावण्यासाठी अनेकदा लघुगणकीय प्रमाण वापरतात. त्याने अक्षरे वाचता येतात, पण काळाचा हा अंदाज नाहीसा होतो. शालेय तक्त्यासाठी समान प्रमाणाचा मुख्य पट आणि शेवटच्या ३ लाख वर्षांचा वेगळा मोठा तुकडा ही जोडी अधिक सोयीची ठरते.

अनिश्चितता

सर्वांत जुना सापडलेला जीवाश्म म्हणजे प्रजातीचा प्रारंभ नव्हे. त्यामुळे पट्टीची टोके ठळक न कापता फिकट करत नेतात. शरीररचनेवरून काळ ठरवणेही फसवे असते. दक्षिण आफ्रिकेतील होमो नालेडीचे वर्णन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याचा काळ ठाऊक नव्हता. लहान मेंदूमुळे तो फार प्राचीन वाटत होता. २०१७ मध्ये तो अवघा ३.३५ ते २.३६ लाख वर्षांपूर्वीचा ठरला. त्याच वर्षी मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथील अवशेषांमुळे होमो सेपियन्सची पट्टी सुमारे २ लाखांवरून ३ लाख वर्षांपर्यंत मागे गेली. यामुळे पटावर तो कोणत्या वर्षीच्या माहितीवर आधारलेला आहे, हे नोंदवणे आवश्यक असते.