मंद लाइनीवर हक्क कोणाचा?

वर्गात ग्रहणाविषयीची पाच मिनिटांची फिल्म दाखवायची असते आणि ती दर दहा सेकंदांनी अडते. संगणकावर दुसरे काहीच उघडलेले नसते, म्हणून सगळा दोष लाइनीला दिला जातो. लाइन मंद असतेच. पण पुष्कळदा ती जेवढी आहे तेवढीही आपल्या वाट्याला येत नसते. तिचे वाटेकरी त्याच संगणकात, पडद्याआड काम करणारे प्रोग्रॅम असतात.

थोडे गणित करू. समजा, लाइनीचा वेग सेकंदाला २ मेगाबिट आहे. ८ बिटांचा १ बाइट, म्हणजे सेकंदाला पाव मेगाबाइट. एखाद्या प्रोग्रॅमने स्वतःची ५०० मेगाबाइटची नवी आवृत्ती उतरवून घ्यायला सुरुवात केली, तर त्याला एकट्याला २००० सेकंद, म्हणजे सुमारे ३३ मिनिटे लागतील. जवळजवळ एक तासिका संपली!

मग लाइनीची वाटणी होते तरी कशी? इंटरनेटवर माहिती छोट्या छोट्या पाकिटांतून जाते. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यात पाकिटांची इतकी कोंडी झाली, की सेकंदाला ३२ हजार बिटांचा वेग ४० बिटांवर आला. अंतर होते जेमतेम ४०० यार्ड! यावर व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला. पाकीट हरवले की वाटेत गर्दी आहे असे समजून पाठवणाऱ्याने वेग एकदम कमी करायचा आणि मग सावकाश वाढवत न्यायचा. या तत्त्वावरील पद्धती आजही वापरात आहेत.

या शिस्तीमुळे एका लाइनीवरील जोडण्यांना ढोबळमानाने सारखा वाटा मिळतो. पण लक्षात घ्या, वाटा जोडणीला मिळतो, कामाला नाही. फिल्मची एक जोडणी आणि दुसऱ्या प्रोग्रॅमच्या चार जोडण्या असतील, तर पाचांतले चार वाटे त्या प्रोग्रॅमकडे जाऊ शकतात. वर्ग खोळंबला आहे हे लाइनीला कळत नाही. म्हणून निवड आपल्या संगणकावरच करावी लागते.

प्रथम वाटेकरी शोधू. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील 'नेटवर्क' या रकान्यात कोणता प्रोग्रॅम किती लाइन वापरतो ते दिसते.

दुसरी पायरी विनंतीची. विंडोज १० आणि ११ मध्ये आपल्या जोडणीला 'मीटर्ड' ठरवता येते. मग विंडोज आपल्या बहुतेक सुधारणा आपोआप उतरवत नाही. मात्र ही विनंती आहे. सगळेच प्रोग्रॅम ती मानतात असे नाही.

तिसरी पायरी कुलपाची. विंडोजची फायरवॉल बाहेरून आगंतुक येणाऱ्यांना अडवते, पण आतून बाहेर जाणाऱ्यांना सहसा मोकळे सोडते. तिच्यात 'आउटबाउंड' नियम करून ठरावीक प्रोग्रॅमची बाहेरची वाट बंद करता येते. ॲन्ड्रॉइड फोनवर २०१६ पासून, सातव्या आवृत्तीपासून, मिळणारा 'डेटा सेव्हर' पडद्याआडच्या ॲपना असाच आवर घालतो.

मात्र कुलूप कायमचे नको. उतरणाऱ्या सुधारणांमध्ये संगणकाच्या सुरक्षिततेची डागडुजीही असते. ती कायम अडवली, तर आजची तासिका वाचेल, पण संगणक धोक्यात येईल. शाळा सुटल्यावर ही कामे होऊ द्यावीत.

विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करून घ्यावा. दहा मिनिटे 'नेटवर्क' रकान्यातील आकडे दर मिनिटाला टिपून घ्यायचे, मग 'मीटर्ड' ठरवून पुन्हा दहा मिनिटे. दोन्ही आलेख शेजारी ठेवले, की लाइन कोठे खर्च होते हे मुले आपणहूनच सांगू लागतील.