घरात तेलुगू, पुस्तकात मराठी
सोलापूरच्या पूर्व भागात विणकरांच्या कितीतरी घरांत तेलुगू बोलली जाते. मराठी शाळेत घातलेल्या मुलाला मात्र वाचायचं असतं मराठी. तेलुगू शब्द बहुतेक स्वरान्त. मराठीत ‘घर’ लिहिताना ‘र’ पूर्ण, उच्चारताना तोकडा. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला ‘च’ दिसायला एकच, कानाला वेगळा. हा फरक अक्षर दाखवत नाही. शब्द आधी ऐकलेला असावा लागतो. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६मध्ये मांडलं, की वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले ऐकलेली भाषा समजणं. एक शून्य, तर गुणाकार शून्य. म्हणून अडखळणाऱ्या मुलाला मठ्ठ ठरवणं हा सरळ अन्याय आहे. त्याला मराठीत भरपूर गप्पागोष्टी हव्यात, आणि शब्द अडला तर तेलुगूत विचारायची मुभाही.