ज्या पानाला कुणी तोंड लावत नाही

कोनोकार्पस या परदेशी झाडावर गुजरातने २०२३मध्ये बंदी घातली, तमिळनाडूने जानेवारी २०२५मध्ये. दोन्ही वेळा बोललं गेलं ते परागकणांच्या ॲलर्जीबद्दल आणि पाइप फोडणाऱ्या मुळांबद्दल. आता पाऊस तोंडावर आहे, वृक्षारोपणाचे फलक लागलेत, आणि सोसायटीच्या कुंपणासाठी रोपं घ्यायला गेलं की नर्सरीत कोनोकार्पसचीच शिफारस हमखास ऐकू येते: ‘कीड लागत नाही, गुरं खात नाहीत.’ मला त्या झाडाविरुद्धचा सगळ्यात गंभीर आरोप हाच वाटतो. ज्याच्या पानाला इथला एकही जीव तोंड लावत नाही, ते झाड इथल्या जीवसृष्टीच्या उपयोगाचं किती?

यावर लोक परदेशी घाणेरीचं उदाहरण देतात. तिच्या फुलांवर तर फुलपाखरांची झुंबड असते! असते, पण ती मधासाठी. मध कुठल्याही फुलातला चालतो. अंडी घालताना मात्र मादी पुढच्या पायांनी पान चाखते आणि आपल्या अळीला पचेल तेच झाड निवडते. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतं. कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉनच्या अळ्या असतात. लहानपणी त्या थेट पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून वाचतात. बहाव्याच्या पानांवर कॉमन एमिग्रंट पोसलं जातं. रुईचा चीक विषारी, तरी प्लेन टायगरची अळी ती पानं फस्त करते, त्यातलं विष अंगात साठवते आणि पक्षी तिला टाळतात. बाकीच्या अळ्यांचं नशीब इतकं बलवत्तर नसतं, आणि तेही गरजेचंच आहे. दाणे टिपणारी चिमणी पिल्लांना भरवते ते किडे आणि अळ्याच. अळ्या नाहीत, तर पिल्लं जगणार कशी?

घाणेरीही बागेतूनच सुटलेली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती शोभेसाठी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आणली गेली. आज देशातल्या वाघांच्या अधिवासाचा ४० टक्क्यांहून अधिक भाग तिने व्यापल्याचा अंदाज आहे. तिच्या जाळीखाली गवत उगवत नाही, मग हरणांनी खायचं काय? नद्या गुदमरवणारी जलपर्णीसुद्धा जांभळ्या फुलांच्या हौसेपायीच आली. पुण्याच्या टेकड्यांवर पावसाळा सरताना ज्या पिवळ्या-केशरी कॉसमॉसमध्ये उभं राहून फोटो काढले जातात, तो मूळचा मेक्सिकोकडचा. तिथे तेरडा आणि सोनकी फुलायला हवी होती. हे पाहून वाईट वाटतं.

परदेशी म्हणून सरसकट सगळ्यांवर राग नाही. मिरची, पेरू, झेंडू बाहेरूनच आले. मादागास्करचा गुलमोहर दारात उभा असेल तर तो खुशाल राहू द्या. प्रश्न नव्या खड्ड्याचा आहे.

कुंपणाला अडुळसा आणि निरगुडी लावा, दोन्ही काटक आहेत. भरपूर ऊन असेल तर धायटी लावा. तिच्या लाल फुलांवर शिंजीर येतात. मोठी जागा असेल तर ताम्हण किंवा बहावा. पांगाऱ्याची जाड फांदी पावसाच्या सुरुवातीला रोवली तरी तग धरते. बाल्कनीच असेल तर कुंडीतलं लिंबू आणि कढीपत्ता पुरे. देशी झाडं हळू वाढतात ही तक्रार काही अंशी खरी आहे. बहाव्याचं बी कठीण कवचाचं, घासून भिजवल्याशिवाय लवकर रुजत नाही. म्हणूनच नर्सरीवाले फांदीवरून झटपट तयार होणाऱ्या रोपांकडे वळतात. गिऱ्हाइकांनी मागितलं तर ते बहावाही वाढवतील.

आणि कढीपत्त्यावर अळ्या दिसल्या की फवारणीचा पंप काढू नका. झाड नीट रुजलेलं असेल तर पानं पुन्हा फुटतात.