लघवीची गोळी आणि अंगातले पाणी

महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या नाते गावात, किंबहुना या साऱ्या मुलखातच, पाय सुजले, पोट फुगले अथवा उताणे निजताच दम लागू लागला की ‘अंगात पाणी झाले’ असे म्हणण्याची रीत आहे. आणि जेथे पाणी तेथे लघवीची गोळी, हा समजही तिच्याबरोबर घट्ट रुजलेला आहे. तो किती अपुरा आहे, याचा दाखला याच महाड तालुक्यात घडलेला आहे.

तांबडा विंचू डसला की त्याच्या विषाने अ‍ॅड्रेनॅलिनसारखी द्रव्ये शरीरात अनावर स्रवतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर असह्य भार येतो आणि फुप्फुसांत पाणी उतरते. १९७०च्या दशकात बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी असे रुग्ण डोळ्यांदेखत दगावताना पाहिले. छातीत पाणी घुरघुरत असले, तरी वांत्या व घाम यांनी अंगातले पाणी बहुधा आधीच घटलेले असते. अशा रुग्णाला मूत्रल औषध देऊन ते अधिक उपसले, तर रक्तदाब कोसळण्याचे भय, आणि आवळलेल्या वाहिन्या मात्र तशाच. पुढे प्राझोसिन या वाहिन्या सैल करणाऱ्या औषधाचा अवलंब त्यांनी केला आणि गंभीर रुग्णांतील शेकडा ४०च्या घरातले मृत्युप्रमाण शेकडा १च्या आसपास आले. पाणी दिसले, एवढ्यावरून ते अधिक झाले असे ठरत नाही.

हृदय वा मूत्रपिंड दुबळे होऊन खरोखरच पाणी साठते, तेव्हा मात्र फ्युरोसेमाइडसारख्या मूत्रल औषधाचा, म्हणजेच लघवीच्या गोळीचा, उपकार मोठा आहे. ते मूत्रपिंडात मिठाचे पुनःशोषण रोखते आणि मिठामागून पाणी बाहेर पडते. गोळीचा अंमल तासाभरात सुरू होऊन सहा-आठ तास टिकतो. दुखणे मात्र जागच्या जागी राहते, म्हणून सूज ओसरली की गोळी आपल्याच मनाने सोडणे घातक. हत्तीरोगाची सूज या गोळीने हटत नाही, आणि एकच पाय अकस्मात सुजून दुखू लागला तर रक्ताची गुठळी नाही ना, याची खातरजमा आधी व्हावयास हवी.

लघवी भरपूर झाली म्हणजे औषध लागू पडले, हाही समज अर्धवटच. पिण्याचा आणि लघवीचा जमाखर्च परिचारिका तक्त्यावर मांडते, तो आवश्यकच आहे. परंतु घाम व श्वास यांवाटे जाणारे पाणी त्यात धरता येत नाही, म्हणून अधिक भरवशाचा साक्षीदार वजनकाटा. रोज सकाळी, लघवी झाल्यावर, न्याहारीपूर्वी, तेवढ्याच कपड्यांत, त्याच काट्यावर वजन करावे. थोड्या दिवसांत वाढलेले १ किलो म्हणजे सुमारे १ लिटर पाणी, आणि तीन दिवसांत २ किलोंहून अधिक वाढ झाल्यास दवाखान्यात कळवावे. अंथरुणास खिळलेल्याची सूज पायांपेक्षा कमरेखाली माकडहाडाशी साठते व तेथील त्वचा लवकर फाटते, हे नवख्या शुश्रूषकाच्या ध्यानी येत नाही. दिवसाचा दुसरा डोस दुपारीच द्यावा, कारण रात्री लघवीसाठी उठलेला वृद्ध, उभा राहताच रक्तदाब उतरून, अंधारात पडतो. शिरेतून मोठी मात्रा द्यावयाची असेल तर ती सावकाश द्यावी. घाईने कानांस अपाय होतो.

सुकट, सुके बोंबील, लोणचे आणि पापड ताटात ठेवून गोळीस दोष देणे अन्यायाचे आहे. सैंधवही अखेर मीठच. शहाळ्याचे पाणी सर्वांस हितकर मानतात, पण स्पायरोनोलॅक्टोन ही वेगळ्या प्रकारची लघवीची गोळी घेणाऱ्याच्या रक्तात पोटॅशियम आधीच वाढू पाहत असते. शहाळे किंवा बाजारातले ‘कमी सोडियमचे’ मीठ त्यात भर घालते, आणि अतिरेक झाल्यास हृदयाची लय बिघडू शकते.

गोळीने मूत्रपिंडे निकामी होतात, ही धास्तीही सरसकट खरी नाही. योग्य मात्रेत ती मूत्रपिंडे बिघडवत नाही. जुलाब-वांत्या चालू असता तशीच घेत राहणे, किंवा तिच्या जोडीला सांधेदुखीच्या गोळ्या बिनदिक्कत खाणे, यांनी अपाय होतो. अशा दिवशी डोस चालू ठेवावा की थांबवावा, हे डॉक्टरांस त्याच दिवशी विचारावे.