विंक्सच्या लेकीला ५५ कोटी का मिळाले? चॅम्पियन घोडीच्या दुसऱ्या करिअरची गोष्ट

कागल तालुक्यात कुठल्याही यात्रेला बैलगाडी शर्यत बघायला जा. एखादं खिलार खोंड नजरेत भरलं की जाणती माणसं दोन प्रश्न हमखास विचारतात. वळू कुठला? आणि गाय कुणाची?

८ एप्रिल २०२४ ला ऑस्ट्रेलियातल्या सिडनीत एका लिलावात हाच प्रश्न होता. विकायला आलेली घोडी दीड वर्षाची होती. तिच्या पाठीवर अजून शर्यतीचं खोगीर चढलं नव्हतं. ती किती वेगात धावेल, धावेल तरी का, हे तिथल्या कुणालाच माहीत नव्हतं. तरीही बोली थांबली ती १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर. तेव्हाच्या दराने साधारण ५५ कोटी रुपये. लिलावात विकल्या गेलेल्या या वयाच्या घोडीसाठी ऑस्ट्रेलियात मोजलेली ही सगळ्यात मोठी किंमत होती.

कारण एकच. तिच्या आईचं नाव विंक्स.

आता प्रश्न असा की आईच्या नावाला इतका भाव का? चॅम्पियन घोडीच्या पोटी चॅम्पियनच जन्मतो का? आणि या सगळ्यात घोडीच्या वाट्याला काय येतं? समजून घेऊया.

आधी विंक्स कोण ते बघू

विंक्सचा जन्म १४ सप्टेंबर २०११ चा. २०१३ मध्ये तिला २ लाख ३० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरला विकत घेतलं गेलं. तेव्हाच्या हिशोबाने सव्वा कोटी रुपयांच्या आसपास. रक्कम मोठी वाटते, पण चांगल्या जातिवंत घोड्यांच्या बाजारात ती मधलीच म्हणायची.

सुरुवातही काही धमाकेदार नव्हती. पहिल्या १० शर्यतींत ती ४ जिंकली. मग मे २०१५ मध्ये तिने एक शर्यत मारली आणि त्यानंतर ती पुन्हा कधी हरलीच नाही. सलग ३३ विजय. जवळपास चार वर्षं.

मेलबर्नची कॉक्स प्लेट ही ऑस्ट्रेलियातली सगळ्यात मानाच्या शर्यतींपैकी एक. विंक्सने ती २०१५ ते २०१८ अशी लागोपाठ चार वेळा जिंकली. त्याआधी कुणालाही ती तीनपेक्षा जास्त वेळा जिंकता आली नव्हती. प्रशिक्षक ख्रिस वॉलर आणि जॉकी ह्यू बोमन ही नावं तिच्यासोबत जोडली गेली. शर्यतीत ती आधी मागे राहायची. शेवटच्या वळणावर झपाझप पावलं टाकत एकेकाला मागे टाकायची. तिच्या शर्यतीच्या दिवशी स्टँड भरून जायचे.

१३ एप्रिल २०१९ ला ती शेवटची शर्यत धावली आणि तीही जिंकली. हिशोब असा : ४३ शर्यती, ३७ विजय, त्यातले २५ 'ग्रुप १' म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या शर्यतींतले. बक्षिसाची रक्कम २ कोटी ६० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर.

एक गोष्ट लक्षात ठेवा. घोडे आणि घोड्या एकत्र धावतात तेव्हा घोडीला पाठीवरच्या वजनात थोडी सूट मिळते, ऑस्ट्रेलियात साधारण दोन किलोची. ती धरूनही इतकी वर्षं नरांना हरवत राहणं ही दुर्मीळ गोष्ट आहे.

निवृत्तीनंतर घोडा आणि घोडी यांचे रस्ते का वेगळे होतात?

शर्यतीच्या या घोड्यांना थरोब्रेड म्हणतात. ही जात सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये घडली. आजच्या सगळ्या थरोब्रेड घोड्यांचं पितृकुळ बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपाशी जाऊन पोचतं. वंशावळीची नोंद ठेवणारं 'जनरल स्टड बुक' १७९१ पासूनचं. भारतातल्या थरोब्रेडची अशीच नोंदवही पुण्यातून सांभाळली जाते. त्या वहीत नाव नसेल तर घोडा कितीही पळो, थरोब्रेडच्या शर्यतीत त्याला जागा नाही.

आणि या वहीचा एक कडक नियम आहे. कृत्रिम रेतन चालत नाही.

आपल्याकडे गाय माजावर आली की डॉक्टरला फोन जातो. तो नायट्रोजनच्या भांड्यातून कांडी काढतो आणि काम होतं. ज्या वळूची ती कांडी, तो कदाचित दुसऱ्या राज्यात असतो, कदाचित मेलेलाही असतो. थरोब्रेडमध्ये हे बाद. घोडा आणि घोडी प्रत्यक्ष एकत्र आले पाहिजेत. एका घोडीचा गर्भ काढून दुसरीच्या पोटात वाढवायलाही परवानगी नाही. क्लोनिंगही नाही. ज्या घोडीचं शिंगरू, तिनेच ते पोटात वाढवायचं आणि तिनेच व्यायचं.

आता गणित बघा. मागणी असलेला पैदाशीचा घोडा एका हंगामात शंभर-दीडशे घोड्यांना दाखवला जातो, काही तर त्याहून जास्त. म्हणजे वर्षाला शंभरावर शिंगरं. घोडी साधारण ११ महिने गाभण राहते. तिचं वर्षाला एकच शिंगरू. ती दरवर्षी व्याली तरी आयुष्यात दहा-बारा शिंगरं झाली तर खूप.

थोडक्यात, चॅम्पियन घोड्याची मुलं बाजारात ढिगाने मिळतात. चॅम्पियन घोडीची मुलं हाताच्या बोटांवर मोजता येतात. विंक्सच्या लेकीच्या किंमतीतला मोठा वाटा या टंचाईचा आहे.

दुसरा वाटा तिच्या मादी असण्याचा. महागडा नर घोडा शर्यतीत फसला तर त्याला पैदाशीसाठी सहसा कुणी विचारत नाही. पण नामवंत आईची लेक एकही शर्यत जिंकली नाही तरी तिच्या पोटातून ते रक्त पुढे जातं. तिच्या शिंगरांच्या कागदावर 'आजी : विंक्स' असं लिहिलं जाणार. त्या ओळीला बाजारात पैसे मिळतात.

म्हणूनच लिलावात तिला घेणारी व्यक्ती बाहेरची नव्हती. डेबी केपिटिस या विंक्सच्या मालकांपैकीच एक. भागीदारांनी मिळून विकायला काढलेली घोडी त्यांनीच सगळ्यात जास्त बोली लावून घरात ठेवली.

ही काही आजची गोष्ट नाही

आई बघून भाव ठरवण्याचा हा खेळ मराठी राजघराण्यालाही चांगला माहीत होता. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड हे त्या काळचे शर्यतींचे मोठे शौकीन. १९४३ मध्ये मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पहिली इंडियन डर्बी झाली, तेव्हा ती जिंकली प्रिन्सेस ब्यूटिफुल नावाच्या घोडीने. मालक बडोद्याचे महाराज.

दोन वर्षांनी महाराजांनी इंग्लंडमध्ये एका शिंगरासाठी २८ हजार गिनी मोजले. तेव्हाचा तो विक्रम होता. तेही शिंगरू एकदाही धावलेलं नव्हतं. मग इतके पैसे कशासाठी? त्याच्या आईचं नाव रोझी लेजेंड. तिचाच आधीचा मुलगा दान्ते याने १९४५ ची इंग्लिश डर्बी जिंकली होती, आणि दोघांचा बापही एकच, निअर्को.

महाराजांनी त्या शिंगराला आपल्या आजोबांचं नाव दिलं : सयाजीराव. १९४७ मध्ये सयाजीरावने आयरिश डर्बी जिंकली आणि इंग्लंडची सेंट लेजरही. म्हणजे या वेळी आईवर लावलेला डाव फळला.

मग चॅम्पियन आईची मुलं चॅम्पियन होतात का?

सयाजीरावची गोष्ट ऐकून 'हो' म्हणावंसं वाटतं. पण थांबा.

अमेरिकेची झेनयाट्टा २० शर्यती धावली आणि १९ जिंकली. हरली ती फक्त शेवटची, तीही अगदी थोडक्यात. गंमत म्हणजे झेनयाट्टा आणि विंक्स सावत्र बहिणी. दोघींचा बाप स्ट्रीट क्राय. झेनयाट्टाला निवृत्तीनंतर उत्तमोत्तम घोडे दाखवले गेले. तिचे पहिले दोन मुलगे कॉझ्मिक वन आणि झिकॉनिक रेसकोर्सवर उतरले तेव्हा सगळ्या अमेरिकेचं लक्ष होतं. दोघांनाही एकही शर्यत जिंकता आली नाही.

आता दुसरं टोक. अर्बन सी नावाच्या घोडीने १९९३ मध्ये पॅरिसची प्रसिद्ध 'आर्क' शर्यत जिंकली, तेव्हा तिच्यावर ३७ ला १ असा भाव होता. म्हणजे ती जिंकेल असं फारसं कुणाला वाटलंच नव्हतं. कारकिर्दीत २४ शर्यती आणि ८ विजय. विंक्सशी तुलनाही होणार नाही. पण तिचा मुलगा गॅलिलिओ २००१ ची इंग्लिश डर्बी जिंकला आणि पुढे ब्रिटन-आयर्लंडमध्ये १२ वेळा पैदाशीच्या घोड्यांत अव्वल ठरला. १४ पैकी १४ शर्यती जिंकणारा फ्रँकल हा गॅलिलिओचा मुलगा. अर्बन सीचाच दुसरा मुलगा सी द स्टार्स याने २००९ मध्ये डर्बीही जिंकली आणि आईने जिंकलेली आर्कही.

असं का होतं? शिंगराला अर्धी जनुकं आईकडून मिळतात आणि अर्धी बापाकडून. पण कोणती अर्धी, हे प्रत्येक वेळी नव्याने ठरतं. वेग ही काही एका जनुकाची करामत नाही. हृदय, फुप्फुसं, स्नायू, पायांची ठेवण, स्वभाव अशा असंख्य गोष्टींचा तो मेळ असतो. आईमध्ये जो मेळ बसला तो लेकरात तसाच्या तसा बसेल याची खात्री नाही. शिवाय प्रशिक्षण, दुखापती आणि नशीब आहेतच.

नावाजलेली आई असली की चांगलं शिंगरू मिळायची शक्यता वाढते, एवढंच खरं. ५५ कोटी त्या वाढलेल्या शक्यतेला मिळाले.

आणि घोडीचं काय?

बातम्यांत लिलावाचे आकडे येतात. त्यामागे घोडीचं शरीर असतं, ते फारसं दिसत नाही.

विंक्सचं पहिलं शिंगरू ऑक्टोबर २०२० मध्ये जन्मताच गेलं. ५५ कोटींची लेक ही त्यानंतर दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०२२ मध्ये झालेली.

ऑस्ट्रेलियाचीच ब्लॅक कॅव्हियार. २५ शर्यती, २५ विजय. एकदाही न हरता ती एप्रिल २०१३ मध्ये निवृत्त झाली. मग पैदाशीची अकरा वर्षं. १७ ऑगस्ट २०२४ ला, अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, शिंगराला जन्म दिल्यानंतर लगेचच ती गेली. तिला लॅमिनायटिस झाला होता. या आजारात खुराच्या आतला थर सुजतो, घोड्याला उभं राहणंही असह्य होतं, आणि अनेकदा त्याला शांतपणे मरू देण्याशिवाय मार्ग उरत नाही. तिच्या शिंगरांपैकी एकालाही आईची उंची गाठता आली नव्हती.

अर्बन सी सुद्धा २००९ मध्ये व्यायल्यानंतरच गेली. सी द स्टार्सने त्या वर्षीच्या मोठ्या शर्यती मारल्या त्या तिच्यानंतर.

हे सगळ्याच घोड्यांच्या बाबतीत होतं असं नाही. पैदाशीच्या कितीतरी घोड्या चांगल्या सांभाळल्या जातात आणि म्हातारपणापर्यंत कुरणात जगतात. ब्लॅक कॅव्हियारवर उत्तम डॉक्टरांची नजर होती. पण कृत्रिम रेतनाला आणि दुसऱ्या घोडीच्या पोटात गर्भ वाढवायला मनाई असल्यामुळे गाभण राहण्याची आणि विण्याची सगळी जोखीम त्याच एका घोडीवर येते. ज्या नियमामुळे तिची शिंगरं दुर्मीळ आणि महाग होतात, त्याच नियमामुळे तिला हे पुन्हा पुन्हा करावं लागतं.

नियम बदलावा असं म्हणणारे आहेत. तसं झालं तर मोजक्याच घोड्यांचं रक्त सगळीकडे पसरेल, जात आणखी अरुंद होईल आणि भाव कोसळतील, असं बाकीचे म्हणतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मात्र पहिल्या बाजूच्या म्हणण्यात घोडीचा जीव आहे, आणि दुसरीकडे जातीच्या काळजीबरोबर बाजाराचा हिशोबही आहे.

तर पुढच्या वेळी एखाद्या शिंगराला कोट्यवधी मिळाल्याची रील समोर आली, की कागलच्या मैदानातला प्रश्न जरूर विचारा : कुणाच्या पोटचं? आणि त्याला जोडून आणखी एक विचारा. ती आई आता कशी आहे?