उकळबिंदूच्या ८७ अंश वर, तरीही द्रव

प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो आणि मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ वर जातो. म्हणजे गॅसवर चालणारी एखादी गाडी बजाज चौकात उन्हात तापत असते, तेव्हा तिच्या टाकीतला प्रोपेन स्वतःच्या उकळबिंदूपेक्षा ८७ अंशांनी गरम असतो. तरीही तो मुकाट्याने द्रवरूपात राहतो!

ही किमया दाबाची. सीएनजी २०० पट वातावरणदाबाने कोंबला तरी वायूच राहतो. एलपीजी, म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण, त्याच्या कितीतरी कमी दाबात द्रव होतं आणि सुमारे अडीचशे पट कमी जागेत मावतं. म्हणूनच आखाती देशांतून तो जहाजाने आणता येतो. भारत निम्म्याहून अधिक एलपीजी आयातच करतो. मोठ्या जहाजांत दाबाऐवजी थंडी वापरतात: प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत गार करून आणतात. पुढे पाइपलाइन, टँकर, बॉटलिंग प्लांट असं करत तो आर्वी, आष्टी, समुद्रपूरच्या स्वयंपाकघरांत पोचतो.

गाडीत त्याची तऱ्हा वेगळी. टाकी ८० टक्केच भरतात, कारण उन्हात हा द्रव पाण्याच्या कितीतरी पट फुगतो. टाकी काठोकाठ भरली तर फुगायला जागाच उरणार नाही, म्हणून ८० टक्क्यांवर झडप आपोआप बंद होते. इंजिनाकडे जाताना द्रवाचा वायू होतो आणि त्या वेळी तो भोवतालची उष्णता शोषून घेतो. रेग्युलेटर गोठू नये म्हणून इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरवतात. त्यामुळेच बऱ्याच गाड्या आधी पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन तापल्यावर गॅसवर येतात. एका लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण पाव हिश्शाने कमी. मूळ वायूला वास नसतो. गळती कळावी म्हणून मर्कॅप्टन मिसळतात. शिवाय तो हवेपेक्षा जड, गळला की खोलगट जागी साचतो.

वाहनात एलपीजी वापरायला कायद्याने परवानगी मिळाली ती २००० साली. २००१ च्या आदेशाने नियम ठरले. घरगुती सिलिंडरमधून गाडीत गॅस भरणं बेकायदा आहे, आणि ते रास्तच. तिथे ना ८० टक्क्यांची झडप हमखास काम करते, ना गळतीचा भरवसा. दाबाच्या टाक्या आणि पंप यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या, १८९८ साली सुरू झालेल्या केंद्रीय खात्याचं मुख्यालय वर्ध्यापासून जेमतेम ७५ किलोमीटरवर, नागपुरात आहे.

मग घरोघरी पोचलेला हा वायू गाडीला इतका दुर्मीळ का? सिलिंडर गिऱ्हाइकाच्या दारी येतो, गाडीला मात्र पंपाच्या दारी जावं लागतं. पंपाला दाबाची मोठी टाकी, परवाना, मोकळी जागा आणि रोज भरणाऱ्या पुरेशा गाड्या लागतात. गाड्या नाहीत म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून गाड्या नाहीत. मोठ्या शहरांतल्या रिक्षा त्याच त्या पट्ट्यात दिवसभर फिरतात, तिथे हा हिशोब जुळतो. आर्वीहून हिंगणघाटला जाणाऱ्याचा तो सहसा जुळत नाही. म्हणून किट बसवताना ॲव्हरेजच्या आधी एकच गोष्ट विचारावी: आपल्या रोजच्या रस्त्यावर पंप कुठे आहे?