होडी, फळी आणि चार मिनिटे

ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्ट येथे १९८६ साली दोन दगडी बांध घालून 'सीवे' हे समुद्रमुख पक्के करण्यात आले. त्याची रुंदी सुमारे २५० मीटर आहे. यातून होड्या ये-जा करतात आणि पलीकडच्या साउथ स्ट्रॅडब्रोक बेटावरील लाटा गाठण्यासाठी फळीवर पालथे पडलेले सर्फर हेच पाणी आडवे ओलांडतात. यात धोका किती, ते आपण साध्या गणिताने पाहू.

हातांनी पाणी मारणाऱ्या सर्फरचा वेग सेकंदाला १ मीटर धरू. मुख ओलांडायला त्याला चार मिनिटांहून थोडे अधिक लागेल. सेकंदाला ५ मीटर वेगाची होडी तेवढ्यात सव्वा किलोमीटर येते! म्हणजे निघताना लांब वाटलेली होडीही वाटेतच गाठू शकते. ओहोटीचा प्रवाहही सेकंदाला १ मीटर असला, तर सर्फर तेवढ्या वेळात २५० मीटर समुद्राकडे वाहत जाईल.

मग होडीनेच का थांबू नये? ओहोटीचे पाणी समोरून येणाऱ्या लाटांना भिडले, की लाटा आखूड व उभ्या होतात. अशा लाटांत थांबलेली होडी आडवी फिरून उलटू शकते. शिवाय सर्फरचे डोके पाण्यावर जेमतेम अर्धा मीटर असते. मीटरभर लाटेआड ते दिसतच नाही.

म्हणून खबरदारी आधीच घ्यायला हवी. सर्फरने वाट मोकळी पाहून, भडक कपड्यांत, गटाने ओलांडावे. नावाड्याने लाटांत शिरण्यापूर्वीच पाण्यावर नजर फिरवावी. होडीचा वेग दुप्पट धरून हेच गणित विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे.